तुम्ही विचारलंत म्हणून : माझा आजार आणि भाचीचे रील

मला ओसीडी, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा आणून त्याच त्या कृती करायला लावणारा मानसिक आजार, आहे हे मी चारचौघांत सांगू लागल्यापासून एक प्रश्न ठरलेला आहे: ‘इन्स्टावरची ही पोरं उठसूट स्वतःला ओसीडी, बायपोलर असं काहीबाही लावून घेतात, त्यांचा तुम्हाला राग येत नाही का हो?’ येतो. पेने रंगांप्रमाणे लावून ठेवणारी मुलगी त्याला ओसीडी म्हणते, तेव्हा फार येतो. या विचारांत आणि कृतींत दिवसाचा एक तासाहून अधिक वेळ जातो का, किंवा त्यांमुळे जगणे विस्कटते का, हे निदान करताना पाहतात. माझ्या वाईट दिवसांत चार चार तास नळाखाली जात आणि ताटातला भात गार होऊन जाई. विचारणाऱ्यांना बहुधा एवढेच उत्तर हवे असते, आणि आजवर मीही एवढ्यावरच थांबत आले.

बारावीनंतर माझी भाची साताऱ्याहून शिकायला सांगलीत, आमच्या गावभागातल्या घरी राहायला आली. २०२३ च्या दिवाळीत तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, कौतुकाने की काळजीने कोण जाणे, तिचे एक रील सगळ्यांना दाखवले. ‘माझ्या ओसीडीसोबतचा एक दिवस’ असे त्याचे नाव होते. त्यात भाची कोपराने नळ उघडत होती, कोपरापर्यंत साबण लावत होती, सात वेळा हात धूत होती आणि मोजताना तिचे ओठ हलत होते. न्हाणीघर आमचेच होते. साबणाची पिवळी डबीसुद्धा माझीच. मोजताना माझे ओठ हलतात, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

फराळाची ताटे मांडलेली होती, मेहुणे समोर बसले होते. मी माझे भेगाळलेले हात भाचीपुढे धरले आणि म्हणाले, ‘हे बघ, याला म्हणतात आजार. तुला काही झालेलं नाही. थेरं आहेत नुसती.’ तिने उत्तर दिले नाही. हातातली अर्धी करंजी ताटात ठेवून ती माडीवर गेली, आणि संध्याकाळपर्यंत तिने ते रील काढून टाकले. बहीण म्हणाली, ‘बरं झालं, कोणीतरी बोललं.’ मलाही त्या वेळी बरेच वाटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

‘थेरं’ हा शब्द मात्र माझा नव्हता. २००३ मध्ये, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, नवऱ्याच्या आत्याने तो मला लावला होता, आणि मी तो चुकवला सोवळ्याच्या आडून. पुन्हा आंघोळ, पुन्हा धुतलेली साडी, घासलेल्या भांड्यांवर पुन्हा पाणी. देवाधर्माचे म्हटले की कोणी हटकत नाही, उलट मान मिळतो. अशा पुन्हा पुन्हा धुण्याच्या वेडाला असलेला मंत्रचळ हा जुना मराठी शब्द घरात सर्वांना माहीत होता, तो मी कोणाच्या ओठांवर येऊ दिला नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, आमच्या घरात चिखल आला, आणि पाणी ओसरल्यावर काही आठवडे सारी गल्ली फिनेल घेऊन माझ्यासारखीच वागत होती. (ते माझे सुखाचे आठवडे होते, असे म्हटले तर शेजारी रागावतील.) इतरांचे धुणे थांबले, माझे थांबेना, तेव्हा कुठे मी मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. सोळा वर्षे मीही खोटेच सांगत होते. आजार खरा होता, सांगितलेले कारण खोटे होते, आणि त्या खोट्याबद्दल मला हळदीकुंकवाला पहिला पाट मिळत असे.

म्हणून मी भाचीला माफ केले, असा अर्थ काढू नका. तिने माझी नक्कल केली, यावर मी ठाम आहे. नक्कल करणाऱ्याला काहीच झालेले नसते, असे मात्र आता मला तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. २०२१ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी काही तरुण रुग्णांविषयी लिहिले. त्यांचे झटके टूरेट (अंगाला आपोआप झटके येण्याचा, तोंडून आवाज निघण्याचा आजार) असलेल्या एका लोकप्रिय यूट्यूबरच्या झटक्यांशी जुळत होते, अगदी तोंडून निघणाऱ्या शब्दांसकट. त्यांना टूरेट नव्हता; तरीही डॉक्टरांनी त्यांना ढोंगी न म्हणता हा वेगळ्या प्रकारचा, कार्यात्मक विकार, म्हणजे मेंदूला इजा नसतानाही खरीखुरी लक्षणे देणारा, असल्याचे सांगितले. हे वाचून मी प्रथम चिडले. मला ओसीडीचे निदान मिळायला सोळा वर्षे लागली आणि यांना पडद्यावर पाहून झालेल्या दुखण्यालाही नाव मिळाले, असे मनात आले. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात भाचीने मला जिन्यात थांबवून विचारले, ‘मावशी, डॉक्टर पहिल्यांदा काय विचारतात गं?’ काय झाले आहे, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. माझ्या डॉक्टरांकडे तिला यायचे नव्हते, म्हणून मी तिला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून दिला. तिने फोन केला की नाही, मला ठाऊक नाही. बहीण दर रविवारी साताऱ्याहून विचारते, ‘तिला खरंच काही आहे का गं?’ आणि मी तिच्याशी कृष्णेच्या पाणीपातळीविषयी बोलू लागते.