कोलंबिया पुलावर अडकलेलं बाबांचं नाव

पहाटे साडेचारला टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओहून मोटारसायकलींवर निघालो तेव्हा माझ्या टँक बॅगेत, म्हणजे टाकीवरच्या बॅगेत, सगळ्यात वर प्लास्टिकची फाइल होती. पासपोर्ट, गाडीचं टायटल म्हणजे मालकीचा कागद, लायसन्स, मेक्सिकोचा विमा आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. पुढे नवऱ्याची व्ही-स्ट्रॉम, मागे माझी हिमालयन. जायचं होतं मेक्सिकोतल्या रेआल दे कातोर्से या डोंगरातल्या जुन्या चांदीच्या खाणींच्या गावाला. सीमा ओलांडायला आम्ही लारेडो शहरातले गजबजलेले पूल सोडून वायव्येचा कोलंबिया पूल निवडला. १९९१ साली सुरू झालेला हा पूल म्हणजे मेक्सिकोतलं न्युएवो लेओन राज्य आणि अमेरिकेतलं टेक्सस यांच्यातला एकमेव रस्ता. तिथे गर्दी कमी असते.

आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा होता. तो असला की भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. माणसाचं काम सोपं, खरं काम गाडीचं. सीमेलगतच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यापलीकडे परदेशी नंबरची गाडी न्यायची तर तात्पुरता आयात परवाना काढावा लागतो. गाडी तिथेच विकून परत येऊ नये म्हणून अनामत ठेवतात. २००७ किंवा नंतरच्या मॉडेलला ४०० डॉलर, शिवाय परवान्याची फी वेगळी. हे काम बानहेर्सितो करते, म्हणजे मेक्सिकोच्या सैन्याची बँक. अमेरिकेतला विमा पुलापलीकडे चालत नाही, तो मेक्सिकोचाच घ्यावा लागतो. अपघात झाला आणि भरपाईची सोय नसली तर तिथे पोलीस अडकवून ठेवू शकतात, म्हणून यात काटकसर करू नका. नवऱ्याच्या गाडीवर कर्ज होतं. अशा वेळी कर्ज देणाऱ्यांचं परवानगीपत्र लागतं. आम्हाला ते मिळायला तीन आठवडे लागले. तुम्ही निघणार असाल तर सगळ्यात आधी तेच मागवा.

पूल ओलांडून आत गेलो. पहिली खिडकी इमिग्रेशनची. तिथे पर्यटक परवाना मिळतो, तो घेऊन झेरॉक्सच्या खिडकीवर जायचं आणि मग बँकेच्या. नवऱ्याचं काम अर्ध्या तासात झालं. माझा पर्यटक परवाना बँकेतल्या मुलीने हातात घेतला, माझ्या क्रेडिट कार्डाशेजारी ठेवला, दोन्हीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "नो कोइन्सिदे." जुळत नाही.

माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि बाबांचं नाव आहे, आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव. आपल्याकडे हे इतकं सवयीचं की त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. मेक्सिकोतही नाव बऱ्याचदा तीन शब्दांचं असतं, पण पहिलं स्वतःचं, मधलं वडिलांचं आडनाव आणि शेवटचं आईचं. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या माणसाने माझे तीन शब्द त्याच्या सवयीने वाचले. परवान्यावर बाबांचं नाव माझं पहिलं आडनाव झालं आणि आमचं आडनाव आईच्या माहेरचं. कार्डावर आणि टायटलवर मात्र बाबांचं नाव नाहीच. मी परवाना न वाचताच घडी घालून ठेवला होता. तिथेच उभं राहून एक-एक अक्षर वाचायला हवं होतं.

परत इमिग्रेशनच्या रांगेत. या वेळी खिडकीत एक पिकल्या मिशांचे गृहस्थ होते. माझं स्पॅनिश फोनवर शिकलेलं, चार वाक्यांचं. मी एका झेरॉक्सच्या पाठीवर तीन चौकोन काढले, त्यात तीन शब्द लिहिले आणि मधल्यावर बोट ठेवून म्हटलं, "नोम्ब्रे दे मी पापा." त्यांनी चष्मा वर केला. पापांचं नाव, आडनाव नाही? नाही. मग त्यांनी माझ्या कागदावर चौथा चौकोन काढला आणि विचारलं, "ई तु मामा?" आणि तुझी आई?

आईचं नाव माझ्या नावात कुठेच नाही, हे मला एका परक्या देशातल्या खिडकीसमोर उभं राहून सांगावं लागलं. ते मला लागलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव येऊ लागलं आहे, पण ते सगळं समजावण्याइतकी भाषा माझ्याकडे नव्हती. नवऱ्याचं आडनाव मी लावलेलं नाही, याचं त्यांना काहीच वाटलं नाही. तिथे लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत. त्यांनी जुना परवाना रद्द केला, नवा टाइप केला आणि छापण्याआधी पडदा माझ्याकडे वळवून एकेक शब्दावर पेनाचं टोक ठेवलं. मी प्रत्येक वेळी "सी", म्हणजे हो, म्हटलं.

पुन्हा झेरॉक्स, पुन्हा बँक. अनामत कार्डावरून गेली, चासी नंबर तपासून झाला, गाडीचा १८० दिवसांचा परवाना हातात आला. कस्टमचा दिवा हिरवा लागला. लाल लागला असता तर सामान उघडावं लागलं असतं.

पुढचे पाच दिवस सुंदर गेले. मॉन्टेरेच्या आसपासचे उभे सुळके, साल्तियोनंतरचं ओसाड पठार, प्रत्येक गावाच्या तोंडाशी 'तोपे', म्हणजे आपले गतिरोधक, तेही असे की दुसऱ्या गिअरमध्ये गेलं तर पोटात गोळा येतो. माटेवालाच्या पुढे फरसबंदी दगडांचा चढ सुरू होतो. तो हातांना मुंग्या आणतो, आणि शेवटी डोंगराच्या पोटातून जाणारा, सव्वादोन किलोमीटरहून लांब ओगार्रियो बोगदा. एकेरी वाहतूक, अंधार, माझ्या इंजिनाचा आवाज भिंतींवरून परत येतोय. पलीकडे उजेडात एकदम गाव. त्या क्षणासाठी मी पुन्हा चार वेळा रांगेत उभी राहीन.

परतताना एक गोष्ट विसरू नका. मेक्सिकोतून बाहेर पडताना कुणीही तुम्हाला अडवत नाही. सरळ पूल ओलांडता येतो आणि लोक तसे जातातही. मग गाडीचा परवाना रद्द होत नाही, अनामत बुडते आणि पुढच्या वेळी दुसरी गाडी नेता येत नाही. आम्ही आपणहून थांबलो. एका कर्मचाऱ्याने चासी नंबरचा फोटो काढला, परवाना घेतला आणि परतीची पावती दिली. या वेळी मी ती तिथेच, हेल्मेट काखेत धरून, अक्षर न् अक्षर वाचली.

संध्याकाळी सॅन अँटोनिओला पोचून त्या पावतीचा फोटो साताऱ्याला बाबांना पाठवला. तिकडे पहाट होती. पाच मिनिटांत बाबांचा फोन.

"अगं, गाडीच्या कागदावर माझं नाव कशाला?"

मी सगळं सांगितलं, चौथ्या चौकोनासकट. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी फोन आईकडे दिला.