भावाच्या गाठीचा ब्लॉक मिळवताना: माझा अनुभव

लहान भावाच्या मेंदूत कॅन्सरची गाठ. ऑपरेशननंतर त्याचं रेडिएशन नागपुरातच झालं, सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. त्याबद्दल काहीच तक्रार नाही. माझा राग आहे तो पॅथॉलॉजीच्या खिडकीवर.

रिपोर्टमध्ये 'एपिथेलिऑइड ग्लायोब्लास्टोमा' असं होतं, म्हणजे मेंदूच्या कॅन्सरचा एक झपाट्याने वाढणारा प्रकार. धंतोलीतल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी ते वाचताच विचारलं, "बीआरएएफ केलं का?" बीआरएएफ म्हणजे पेशींच्या वाढीशी संबंधित एक जनुक. या प्रकारात जवळपास निम्म्या रुग्णांत बीआरएएफ व्ही६००ई हा बदल सापडतो. तो असेल तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या औषधांची जोडी देऊन बघता येते. एकटी डाब्राफेनिब दिली तर पेशी साखळीतल्या पुढच्या एमईके या प्रथिनामार्फत पुन्हा वाढायला लागतात; ट्रामेटिनिब तेच अडवते, म्हणून दोन्ही एकदम. रेडिएशन-केमोनंतरही वाढलेल्या हाय ग्रेड, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, मेंदूच्या गाठींच्या ४५ रुग्णांवर ही जोडी तपासली, त्यात १५ जणांची गाठ आटली. तीनात एक. आम्हाला तेवढंही खूप होतं.

पण तपासणीला गाठीचा तुकडा हवा, आणि तो ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलात मेणात बसवून ठेवलेला, त्यालाच ब्लॉक म्हणतात. खिडकीवर आधी काचेच्या स्लाइडच हातात दिल्या. ब्लॉकच पाहिजे म्हटलं तर, "पेशंटची सही आणा." भावाचा उजवा हात चालत नाही. अंगठा चालेल का? "सरांना विचारा." सर ओटीत. "आज नाही होत भाऊ, उद्या या न." उद्या गेलो तर खिडकीवर दुसराच माणूस, त्याला सर्जनचं पत्र हवं. पत्र नेलं तर म्हणे यावर ब्लॉक नंबर नाही. अरे, नंबर तुमच्याच रजिस्टरमध्ये आहे ना! रोज इकडे गाठ वाढत असेल या विचाराने माझी झोप उडाली होती, आणि तिथे जेवणाची सुट्टी संपत नव्हती.

शेवटी एका निवासी डॉक्टर मुलीने माझ्या हातातला रिपोर्ट घेतला, आत गेली आणि ब्लॉक शोधून आणला. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी, आत मेणात पांढुरका ठिपका, कडेला पेन्सिलने लिहिलेला नंबर. तिचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून सांगतो, ऑपरेशननंतर डिस्चार्जच्या वेळीच ब्लॉकचा अर्ज द्या. ब्लॉक एकाहून जास्त असतात. कोणत्यात गाठ जास्त आहे ते पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घ्या. आणि हो, एमआरआयच्या नुसत्या फिल्म नको, रेडिएशनच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही सीडी जपा. पहिल्या तीन महिन्यांत रेडिएशनमुळेच गाठ वाढल्यासारखी दिसू शकते, डॉक्टर दोन्ही शेजारी लावून बघतात.

बीआरएएफचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. गोळ्यांआधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि डोळ्यांची तपासणी सांगतात, ती ब्लॉकची वाट बघतानाच उरकून घ्या. दोन्ही औषधं उपाशीपोटी: जेवणाआधी एक तास, नाहीतर जेवणानंतर दोन तासांनी. ताप येतो, आला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ट्रामेटिनिब २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची असते. मे महिन्यात दुकानातून घरी आणताना बर्फाचा डबा घेऊनच जा, दुकानदार आपणहून देत नाहीत.