गंप्याचं तोंड अखेर मराठी बोललं

गंप्या म्हणजे मी शिवलेला, हातात घालून बोलवायचा बाहुला. मागच्या नोंदीत कळवलं होतं की त्याची माउथप्लेट, म्हणजे तोंडातली दुमडणारी पट्टी, फाडून नवी करणार. नाही केली, कारण दोष प्लेटमध्ये नव्हताच. काल रात्री गंप्या सलग दोन मिनिटं बोलला आणि कॅमेऱ्याला जोडलेल्या टीव्हीवर बघताना पहिल्यांदाच मला माझा हात आठवला नाही!

सहा आठवडे एकाच जागी अडकले होते. गंप्या बोलतोय असं वाटायचंच नाही, तो शब्द चावतोय असं वाटायचं. त्यातलं अर्धं कोडं अर्धवटरावांनी सोडवलं. रामदास पाध्यांचा एक जुना कार्यक्रम बघत होते. बोलताना अर्धवटरावांचा हलतो तो खालचा जबडा, डोकं जागेवर. आणि मी? अंगठा खालच्या जबड्यात असतो, पण मी डोक्यातली चार बोटं वर उचलत होते, त्यामुळे प्रत्येक शब्दाला गंप्याचं कपाळ मागे पडायचं, नजर कॅमेऱ्यावरून उडून पंख्याकडे जायची. मग पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी चार बोटांच्या पाठीवर चिकटपट्टीने बांधली आणि नुसत्या अंगठ्याने बाराखडी म्हटली. रोज वीस मिनिटं, हात डोक्याच्या वर. चौथ्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी असा गोळा आला की पोळ्या लाटता येईनात. पण आठव्या दिवशी पट्टी काढली आणि बोटं जागची हलली नाहीत.

तरी चावणं पुरतं गेलं नव्हतं. उरलेलं अर्धं कोडं भाषेत होतं. मी अक्षराला एकदा तोंड उघडत होते. 'आज मला भूक नाही' यात अक्षरं आठ, पण म्हणून बघा: आज, म-ला, भूक, ना-ही. तोंड सहाच वेळा उघडतं. 'आज'मधला ज आणि 'भूक'मधला क मिटत्या तोंडात जातात. आपण लिहितो तसं बोलत नाही, आणि बाहुलीने बोलण्याच्या मागे जायचं असतं. शिवाय 'मला' आणि 'भूक' यांच्या आधी ओठ मिटलेच पाहिजेत. म आणि भ उघड्या तोंडाने आले की लहान मुलालासुद्धा खोटं कळतं. 'भू'ला फट पुरते, 'ना'ला जबडा पूर्ण खाली. इंग्रजी व्हिडिओंवरून शिकणाऱ्यांनो, आधी आपली वाक्यं अशी तोडून बघा.

मॉनिटरचं, म्हणजे कॅमेऱ्यातला बाहुला बघायच्या पडद्याचं, थोडक्यात. फोनचा पुढचा कॅमेरा सरावाला अजिबात वापरू नका. तो आरसा दाखवतो, टीव्हीवाले बाहुली-कलाकार आरशात बघत नाहीत. मी मागचा कॅमेरा केबलने जुन्या टीव्हीला जोडलाय. सुरुवातीला गंप्या उलट्याच बाजूला जातो, आठवड्याने हात शिकतो. सेसमी स्ट्रीट या अमेरिकन बालमालिकेतला बिग बर्ड हा मोठा पक्षी १९६९ पासून करणारे कॅरोल स्पिनी पोशाखाच्या आत छातीवर बांधलेल्या छोट्या मॉनिटरवर बघून चालायचे. उजवा हात डोक्याच्या वर पक्ष्याच्या डोक्यात, त्याच हाताच्या करंगळीने पापण्या, डावा हात डाव्या पंखात. उजवा पंख मासेमारीच्या दोरीने डाव्याला जोडलेला, म्हणून डावा खाली गेला की उजवा वर. वीस मिनिटांत माझा खांदा भरून येतो. त्यांनी हे दशकानुदशकं केलं.

सामानाचं: ऑनलाइन मागवलेलं फ्लीस इतकं पातळ निघालं की शिवण उन्हात चमकते. परत घेत नाहीत. यापुढे कापड हाताने चाचपल्याशिवाय घेणार नाही. फोमला फेविकॉलच्या एसआर ९९८ सारखा गोंद नाही, फक्त दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा.

आता गंप्याचे हात. छत्रीच्या काड्या घासून हात हलवायचे रॉड तयार ठेवल्यात, सेसमी स्ट्रीटच्याच बर्टसारखे. पण पुढचा प्रसंग गंप्या वरणभात कालवतो असा आहे, आणि रॉडच्या हाताने भात कालवला जात नाही. त्याला बर्टचा जोडीदार अर्नीसारखे हातमोज्याचे हात हवेत, म्हणजे डोकं आणि डावा हात माझा, गंप्याच्या उजव्या हाताला दुसरा माणूस. हे लिहितानाच ठरवलं: काड्या बाजूला, पुतणीला विचारायचं. ती डावखुरी आहे, मग तिला गंप्याचा डावा हात देऊन मी डाव्या हातात डोकं आणि उजव्यात त्याचा उजवा घेऊ का? नाही, डोकं माझ्या उजव्या हातातच बसलंय, अंगठा तिथेच शिकलाय. उजवा तिचा. रविवारी रिकाम्या ताटावर तालीम, मोजे नंतर शिवेन.