गोड्या पाण्याच्या हिशेबात मालवणपर्यंत

शिडाच्या बोटीवर दिवस उजाडतो तो हातात पंचा घेऊन. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर रात्री मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे, आणि पहाटे डेक दवाने निथळत असतो. ऊन चढायच्या आत हे दव पुसून काढायचं. आदल्या दिवशी उडालेल्या लाटांचं मीठ रेलिंगवर, खिडक्यांवर, विंचांवर (शिडाचे दोर ताणायच्या चक्र्यांवर) बसलेलं असतं. ते दवात विरघळतं आणि पंच्याबरोबर निघून येतं. टाकीतला एक थेंबही खर्च न होता बोट स्वच्छ. मामांनी पहिल्याच सकाळी हे काम माझ्याकडे दिलं आणि पुढे मी ते कुणाला करू दिलं नाही.

मामा म्हणजे माझे मामेसासरे. मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी ही 33 फुटी बोट घेतली. एक डोलकाठी, दोन शिडं, पोटात एक छोटं डिझेल इंजिन. मुंबईहून दक्षिणेकडे निघालो तेव्हा आम्ही तिघं होतो: मामा, माझा नवरा आणि मी. बेत साधा होता. सकाळी मतलईवर निघायचं, दुपारी वारा पडला की इंजिन, मग वायव्येचा खारा वारा भरला की त्याच्यावर संध्याकाळची खाडी गाठायची. अंधारात चालवायचं नाही, कारण किनाऱ्यालगत जाळी पसरलेली असतात आणि त्यांच्या खुणा म्हणजे कुठे बांबूला बांधलेलं काळं फडकं, कुठे थर्मोकोलचा तुकडा. रात्री ते दिसत नाही. कोळ्याचं जाळं फाटलं तर त्याचा हंगामच बुडतो, हे मामा वारंवार सांगायचे.

बोटीवर सगळ्याचा हिशेब गोड्या पाण्यात होतो. आमची टाकी 150 लिटरची, शिवाय काही कॅन. घरी एका माणसाच्या आंघोळीला जातं तेवढ्यात इथे तिघांचा दिवस निघतो. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटचा हात फक्त गोड्याचा. अंगाच्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, शाम्पूला येतो, म्हणून आंघोळ बादलीभर समुद्राच्या पाण्याने आणि शाम्पूने. मग तांब्याभर गोडं पाणी डोक्यावरून. भाताला तीन वाट्या गोड्या पाण्यात एक वाटी खारं घालायचं, वेगळं मीठ लागत नाही. हे मात्र खाडीबाहेर, निळ्या पाण्यातच. बंदरातलं पाणी स्वयंपाकाला चालत नाही.

स्वयंपाक कुकरमध्ये, कारण त्याचं झाकण घट्ट बसतं आणि बोट कलली तरी आतलं बाहेर येत नाही. शेगडी झुलती असते, बोट कितीही आडवी झाली तरी ती सपाट राहते. खिचडी, पिठलं-भात, सुकट घातलेली वांगी आणि कोकमाचं सार. फ्रीज नव्हता. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, तिथे बर्फही मिळाला आणि ताजे बांगडेही. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकला होता, तरी लाटांचा उसासा आत येत होता आणि बोट रात्रभर डुलत होती. कांदे-बटाटे जाळीच्या पिशव्यांत टांगलेले. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर येऊ द्यायची नाहीत, त्यांतून झुरळं येतात, आणि एकदा आली की लाकडाच्या फटींतून जात नाहीत.

इंजिनची सकाळ मामांची. ऑइलची काडी, पट्ट्याचा ताण, तळाशी साचलेलं पाणी आणि सगळ्यात आधी समुद्राच्या पाण्याची गाळणी. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, आणि त्याबरोबर जेलीफिश, शेवाळ, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडेही येतात. मुंबईच्या जवळ प्लास्टिक, पुढे जेलीफिश. इंजिन सुरू केलं की मागच्या नळीतून पाणी पडतंय का हे वाकून बघायचं. न पडलं तर लगेच बंद करायचं.

जयगडला शास्त्री नदीच्या खाडीत आम्ही मुक्काम वाढवला, कारण मोठ्या शिडाची एक शिवण उसवायला लागली होती. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांवर शीड घासतं तिथे ती झिजते. मेण लावलेला दोरा, जाड सुई आणि तळव्याला बांधायचा चामड्याचा पट्टा. एक माणूस कापड ताणून धरतो, दुसरा टोचतो. हात दुखले, पण मला या कामाची गोडी लागली. 2009-10 मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, मध्ये चारच बंदरांत थांबून. बोटीवर दुसरा हात नसताना शीड, इंजिन, स्वयंपाक, झोप हे सगळं एकाच माणसाने सांभाळायचं म्हणजे काय, हे शिवताना कळत गेलं. ती बोट गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेली.

विजयदुर्गला वाघोटणच्या खाडीत चिखलात नांगर पक्का बसला. साखळी पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडायची, आणि खोली भरतीची धरायची. निघताना हीच साखळी वर घेताना प्रत्येक कडीला चिकटलेला काळा चिखल ब्रशने काढावा लागतो, नाहीतर बोटीत वास राहतो. इथे आमची टाकी तळाला गेली होती. छोट्या होडीतून कॅन घेऊन किनाऱ्याला गेलो, तर एका घरच्या आजींनी “खंयसून इलास?” एवढं विचारलं आणि विहिरीवरचा पंप सुरू करून दिला. पैसे घेतले नाहीत. भरलेले कॅन चिखलातून होडीपर्यंत न्यायचे तर भरती असतानाच. ओहोटीला खाडी दूर जाते आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततात.

म्हणून मालवणला सिंधुदुर्ग पाहताना माझं लक्ष तटापेक्षा विहिरींकडे गेलं. आधी कितीदा तरी पाहिलेला किल्ला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव: चारही बाजूंनी समुद्र असलेल्या कुरटे बेटावर गोडं पाणी. 1664 साली महाराजांनी इथे बांधकाम सुरू केलं. तट कितीही उंच बांधला तरी पाण्यावाचून किल्ला किती दिवस टिकणार? जंजिऱ्यातही गोड्या पाण्याचे तलाव आहेत, आणि तो किल्ला मराठ्यांच्या हाती कधी लागला नाही, त्यात त्या तलावांचाही वाटा आहे असं मला वाटतं. गाइड तोफा आणि बुरूज दाखवतात. त्यांनी पर्यटकांना विहिरींच्या काठावर जरा जास्त वेळ उभं करावं.

मालवण बंदरात शिरायची वाट खडकांतून आहे, तिथे नकाशापेक्षा स्थानिक माणूस बरा. आम्ही एका मच्छीमार दादांना सोबत घेतलं आणि त्यांच्याच होडीमागून आत गेलो.

पुढे वेंगुर्ला आणि मग मांडवीत नांगर. बोट पावसाळ्याआधी मुंबईला न्यायची आहे. परतीला दुपारचा वायव्य वारा थेट नाकावर येणार. म्हणून झुंजूमुंजू होताच निघायचं, मतलई आहे तोवर किनाऱ्याच्या जवळून उत्तरेला सरकायचं आणि खारा वारा भरायच्या आत पुढच्या खाडीत शिरायचं, असं मामांनी ठरवलं आहे. रोजचं अंतर निम्म्यावर येईल, दिवस वाढतील. पणजीतून आणखी दोन कॅन घेतले आहेत.