दोन बॉक्सच्या मधलं काम: आमची वाटचाल

भोसरीतल्या गाळ्यात टेलिकॉमच्या लाइनी तपासायची कंपनी सुरू केली तेव्हा भांडवल म्हणजे एक जुना बीईआर टेस्टर (किती बिट चुकले ते मोजणारं यंत्र) आणि माझी स्कूटर. २जीचे टॉवर भराभर उभे राहत होते आणि प्रत्येकाला ई-वन लागायची, म्हणजे सेकंदाला २.०४८ मेगाबिटची लाइन. पलीकडच्या टोकाला लूप मारायचा, म्हणजे आलेला सिग्नल तसाच परत फिरवायचा, इकडे टेस्टर लावून रात्रभर चालू ठेवायचा. सकाळी एरर शून्य दिसली की रिपोर्टवर सही. पैसे कधी येतील ते सही करणाऱ्यालाही माहीत नसायचं.

टेस्टर भाड्याने मिळतो, त्यामुळे या कामात गर्दी झाली आणि दर उतरले. आम्ही तगलो ते दुसऱ्याच एका कामावर. लाइनच्या दोन्ही टोकांना एकाच कंपनीचा माल, म्हणजे सिग्नल पाठवणारे-घेणारे बॉक्स, असेल तर तिचा इंजिनिअर सगळं बघून घेतो. दोन कंपन्या आल्या की दोघांचेही बॉक्स निर्दोष, दोघांकडे तसे रिपोर्ट, आणि लिंक मात्र चालू होत नाही. मग फोन आमच्याकडे.

एसटीएम-१ लाइनच्या काळात (सेकंदाला १५५.५२ मेगाबिट) हे भांडण बहुधा ओव्हरहेडच्या, म्हणजे देखरेखीसाठी डेटासोबत जाणाऱ्या, बाइटांवर मिटायचं. जे-वन बाइटमधून एकेक करून जाणारा ट्रेस (पाठवणाऱ्याची ओळख) आपल्याकडच्या एसडीएच पद्धतीचा बॉक्स १६ बाइटांचा पाठवतो, तर अमेरिकी सोनेटच्या वळणाचा बॉक्स ६४ बाइटांची वाट बघतो. ट्रेस जुळला नाही तर एक कंपनी नुसता अलार्म दाखवते, दुसरी ट्रॅफिकच बंद करून एआयएस हा बिघाडाचा सिग्नल पुढे ढकलते. सेटिंग बदललं की काम झालं. तेवढ्याचे पैसे मागायला सुरुवातीला संकोच वाटायचा, नंतर गेला.

खरा धंदा दिला तो १० गिगने, म्हणजे सेकंदाला सुमारे १० गिगाबिटच्या लाइनींनी. १० गिग इथरनेटचा लाइनवरचा वेग १०.३१२५ गिगाबिट. ओटीएन या फायबर जाळ्याच्या पद्धतीत ओटीयू-२ नावाच्या साच्यात डेटासाठी जागा ९.९९५ गिगाबिटची. सरळ बसतच नाही. यावर कोणी जीएफपी या पॅकिंगच्या पद्धतीने इथरनेटच्या फ्रेम (डेटाचे गठ्ठे) उचलून प्रिअॅम्बल (प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीची खूण) आणि दोन फ्रेमच्या मधली मोकळी जागा गाळली, कोणी इथरनेटच ९.९५३ वर उतरवून वॅन-फाय केलं, कोणी आख्ख्या ओटीयूचा वेग वाढवून ११.०९६ ला ओटीयू-२ई काढलं. डेटाशीटवर सगळ्यांचं एकच वाक्य: १० गिग इथरनेट सपोर्टेड. नवी मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये एका बाजूला ओटीयू-२ई होतं, दुसऱ्या बाजूला १०.७०९ चं साधं ओटीयू-२. पॉवर मीटरवर प्रकाश उत्तम, त्यामुळे दोन्ही पक्ष फायबर टाकणाऱ्याच्या नावाने ओरडत होते. टेस्टरवर लाइनचा वेग बघितला आणि बिचारा फायबरवाला सुटला.

१०० गिगलाही तोच प्रकार, फक्त कारण वेगळं. एका टोकाला आरएस-एफईसी (वाटेत चुकलेले बिट दुरुस्त करणारं तंत्र) चालू, दुसऱ्याला बंद. जवळच्या पल्ल्याच्या एसआर-४ मॉड्यूलला ते लागतं, लांबच्या एलआर-४ ला लागत नाही, आणि स्विच आपल्या मनाने ठरवतो.

आमच्याकडे डिप्लोमा झालेली मुलं येतात. सुरुवातीला त्यांच्या हातात फक्त साफ करायचा पेन आणि फायबर स्कोप. आधी बघ, मग पुस, परत बघ, मगच जोड. कंटाळतात, पण मळका कनेक्टर लावून प्रोटोकॉलवर चर्चा करणारे साहेब मी पुष्कळ पाहिले आहेत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी सुरू झालं आणि बिटांच्या जोडीला घड्याळ आलं. टीडीडीच्या (पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने) टॉवरला वेळ १.५ मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली लागते. जी.८२७५.१ या मानकाप्रमाणे वाटेतल्या प्रत्येक बॉक्सने पीटीपी (नेटवर्कवरून वेळ पाठवायचं तंत्र) सांभाळायचं असतं, आणि मधला एखादा जुना स्विच ते नुसतंच पुढे सारतो. हे तपासायला लागणारी अचूक वेळ जीपीएसवरून घ्यायची, म्हणून अँटेना घेऊन गच्चीवर चढावं लागतं. गच्चीची किल्ली मिळवणं हे या चाचणीतलं सर्वांत अवघड काम, असं आमचे सगळे इंजिनिअर एकमुखाने सांगतील.

सध्या टेबलावर ४००-झेडआर आहे. राउटरमध्येच बसणारं ४०० गिगचं ऑप्टिकल मॉड्यूल, आणि कोणत्याही कंपनीचं कोणत्याही कंपनीशी बोलावं हाच त्याचा हेतू. मॉड्यूल वीज भरपूर खातं. स्लॉटला ती देता आली आणि गरमी काढता आली, तर पुढच्या गोष्टी.

दरपत्रकात आम्ही आता बॉक्सचा दर लिहीत नाही, जोडीचा लिहितो. तीन कंपन्या म्हणजे तीन जोड्या, चार म्हणजे सहा. चौथ्या कंपनीचं नाव काढण्याआधी ग्राहक हल्ली दर विचारतात.