तुम्ही विचारलंत म्हणून: ‘रेडिओवर गावाची बातमी का नाही?’

एसटीत, ग्रामसभेत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही भेटलात की हेच. “ताई, रोज संध्याकाळी तासभर गप्पा मारता. मग गावात एवढं घडतं त्यावर चकार शब्द का नाही?” परवा एकाने तर सरळ विचारलं, “घाबरता का?”

आधी नियम सांगते. आमच्यासारख्या, संस्थेने आसपासच्या गावांसाठी चालवलेल्या सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला आपल्या देशात मनाई आहे. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून लावायचं, तेवढीच मुभा. खासगी एफएमलाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ साली आमच्यासारख्या संस्थांना परवान्याचा रस्ता मोकळा झाला. म्हणजे लहरी तुमच्या, बातमी मात्र दिल्लीची. पेपर काहीही छापतो, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याहून काहीही फिरतं, आणि आमच्या शंभर वॉटच्या, पाच-दहा किलोमीटरवर दम तुटणाऱ्या ट्रान्समीटरची कसली भीती, ते मला आजवर उमगलेलं नाही.

हे उत्तर मी इतक्यांदा दिलंय की झोपेतही देईन. पण ते अर्धंच आहे. पाणी, वीज, हवामान, परीक्षा, साथीचे आजार, या गोष्टी बातमी धरत नाहीत. त्या बोलता येतात. आणि तिथंच माझं घोडं अडतं.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. विषय होता जात्यावरच्या ओव्या. वाडीवरच्या एका आजींचा फोन घेतला, वाटलं ओवी म्हणतील. त्या म्हणाल्या, “अकरा दिस झालं, वाडीवर टँकर न्हाई.” मी “हं” म्हटलं. “सरपंचाच्या हिरीत दोनदा वतला. म्या माझ्या डोळ्यानं बघितला. तू सांग की रेडिओवर.” माझं बोट आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर, फेडरवर, होतंच. तो खाली ओढला. कानातल्या हेडफोनमध्ये त्या अजून बोलत होत्या, हवेवर मात्र शांतता. दोनेक सेकंद. मग मी म्हणाले, “लाइन कट झालेली दिसते, तोवर ऐकूया एक ओवी,” आणि रेकॉर्डिंग लावलं. बाई पहाटे दळतेय, भाऊ भेटायला येतोय, असलं काहीतरी. हेडफोनमध्ये आजी विचारत होत्या, “आलं का गं माझं?”

पुढच्या बाजाराला त्या भेटल्या. “ताई, लाइन कट झाली न्हवं?”

“हो आजी,” म्हणाले मी.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती: परवान्यासाठी किती खेटे घातले, स्टुडिओत तीन मुलींचे पगार निघतात, एका वाक्यापायी हे घालवायचं? आजची मी तेव्हाच्या ‘मी’ला विचारते, पहिलं वाक्य तर निव्वळ पाण्याचं होतं, ते पुरं होऊ द्यायला काय झालं होतं? ती म्हणते, आणि दुसरं? ज्याच्यावर आरोप, तो माणूस समोर नाही, पडताळणी नाही, हवेवर गेलेला शब्द मागे घेता येतो का? बरोबर आहे. पण मग दुसऱ्या दिवशी त्या विहिरीवर जाऊन बघायला कुणी अडवलं होतं? यावर ती गप्प बसते. मीही बसते.

तेव्हा, घाबरते का? नियमाला, हो. सरपंचाला नाही, असं छातीठोक सांगायला आवडलं असतं.

प्रत्येक भागाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपायचं, हाही नियमच. त्या भागाची फाइल मी अजून पुसलेली नाही. बेचाळिसाव्या मिनिटाला ती दोन सेकंदांची शांतता आहे. ऐकायची असेल त्यांनी स्टुडिओत या.