'रश इन रिओ': गर्दीचा आवाज, कॅमेऱ्याची घाई

रश या कॅनडाच्या तिघांच्या रॉक बँडचे (गेडी ली: गायन आणि बास, ॲलेक्स लाइफसन: गिटार, नील पर्ट: ड्रम्स) सगळे कॉन्सर्ट व्हिडिओ क्रमाने, नीट कान देऊन पाहायचे हा उपक्रम आता 'रश इन रिओ'पर्यंत आला आहे. मागची नोंद 'अ शो ऑफ हँड्स'वर होती. ते चित्रीकरण 1988 सालचं, बर्मिंगहॅमचं. त्यानंतर थेट रिओ, 2002. मधल्या काळात 'प्रेस्टो', 'रोल द बोन्स', 'काउंटरपार्ट्स' आणि 'टेस्ट फॉर एको' असे चार स्टुडिओ अल्बम येऊन गेले, पण त्यांच्या दौऱ्यांपैकी एकाचाही पूर्ण कॉन्सर्ट व्हिडिओ बँडने काढला नाही. एवढा मोठा खंड पडल्यावर 2003 मध्ये ही डीव्हीडी आली. म्हणूनच तिच्यावर बोलताना चाहते आजही हातचं राखून बोलत नाहीत. एक गट म्हणतो, रशचा आत्मा पाहायचा असेल तर हीच डीव्हीडी. दुसरा म्हणतो, इतक्या चांगल्या रात्रीची ध्वनिमुद्रणाने आणि एडिटिंगने माती केली. दोन्ही बाजूंची माणसं बँडवर जीव टाकणारी आहेत, म्हणून दोघांचंही म्हणणं घेऊन मी पुन्हा पुन्हा पाहायला बसलो.

आधी त्या रात्रीबद्दल, कारण पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे आहे. 'व्हेपर ट्रेल्स' या अल्बमच्या दौऱ्याचा हा शेवटचा कार्यक्रम: 23 नोव्हेंबर 2002, रिओचं माराकाना स्टेडियम. रश ब्राझीलमध्ये पहिल्यांदाच आले होते. पोर्तो अलेग्रे, मग साओ पावलो, मग रिओ. साओ पावलोला साठ हजार लोक होते, बँडच्या कारकिर्दीतली स्वतःची सर्वांत मोठी गर्दी. रिओला चाळीस हजार. साओ पावलोच्या पावसाने सगळं वेळापत्रक कोलमडलं, सामानाचे ट्रक रिओला उशिरा पोहोचले आणि साउंडचेकला वेळच उरला नाही. म्हणजे वाद्यांचे आवाज, माइकच्या जागा, पातळ्या हे जे दुपारी निवांत जुळवून घेतात, ते कार्यक्रम सुरू झाल्यावर जुळवावं लागलं. तेही डीव्हीडीचं चित्रीकरण चालू असताना.

याच्याही मागे आणखी एक गोष्ट आहे. नील पर्टची मुलगी 1997 मध्ये अपघातात गेली आणि पुढच्याच वर्षी पत्नी. बँड संपला असंच बहुतेकांनी धरलं होतं. त्यामुळे त्या स्टेडियममधल्या कित्येकांच्या दृष्टीने हे तिघे एकत्र समोर उभे असणं हीच मुळात न मागता मिळालेली गोष्ट होती. गर्दीच्या आवाजाबद्दल बोलताना मी हे विसरू शकत नाही.

आता आवाज. सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी की गर्दी फार मोठी आहे, बास गढूळ आहे आणि ड्रम्सना धार नाही. मी साध्या टीव्हीवर, हेडफोनवर आणि 5.1 मांडणीवर (पुढे-मागे मिळून पाच स्पीकर आणि एक सबवूफर), असं तिन्ही प्रकारे ऐकलं. टीव्हीवर तक्रार शंभर टक्के खरी वाटते. स्टिरिओ ट्रॅकमध्ये गर्दी आणि बँड दोघांना त्याच दोन स्पीकरांत दाटीवाटीने बसावं लागतं आणि लाइफसनच्या गिटारचे मधले सूर तिथे हरवतात. 5.1 मध्ये मात्र गर्दीला पसरायला जागा मिळते. मागच्या स्पीकरांची पातळी थोडी उतरवली की बँड पुढे येतो आणि गेडी लीच्या बासची खरखर, जी टीव्हीवर नुसती घूंऽऽ अशी येत होती, ती सुटी होऊन कानावर पडते. ज्यांनी आजवर फक्त स्टिरिओवर ऐकलंय त्यांनी मत पक्कं करण्याआधी हे एकदा करून बघाच.

पण गढूळपणा पूर्णपणे जात नाही, आणि त्याचं कारण फक्त मिक्सिंगमध्ये शोधणं मला पटत नाही. आवाज हवेत सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. रंगमंचापासून पन्नास मीटरवर लावलेल्या माइकपर्यंत स्पीकरमधला सूर पोहोचायला दीडशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. मिनिटाला 140 मात्रांची लय धरली तर एका मात्रेचा चौथा हिस्सा 107 मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे पन्नास मीटरवरचा माणूस प्रामाणिकपणे, त्याला ऐकू येणाऱ्या तालावर गातो, तरी तो चौथ्या हिस्स्याहूनही जास्त मागे असतो. त्याच्या मागचा आणखी मागे. मिक्स करणारा गर्दीचा ट्रॅक पुढे सरकवू शकतो, पण सगळी गर्दी एका अंतरावर नसते. एक माइक जुळवला की त्याच माइकमध्ये लांबून येणारे आवाज जुळत नाहीत. त्यातून माराकाना म्हणजे 1950 चं, फुटबॉलसाठी बांधलेलं काँक्रीटचं प्रचंड कडं. तिथे आवाज फिरत राहणारच. नंतरचा रॉटरडॅमचा कार्यक्रम ('स्नेक्स अँड ॲरोज लाइव्ह') बंदिस्त सभागृहातला आहे. त्या स्वच्छ ध्वनीच्या शेजारी रिओ ठेवून रिओला नापास करणं मला न्याय्य वाटत नाही.

हे सगळं 'वायवायझेड'मध्ये नेमकं ऐकू येतं. टोरोंटो विमानतळाचा YYZ हा संकेत मोर्स कोडमध्ये वाजवला तर जो ठेका होतो, त्यावर या गाण्याची सुरुवात बेतली आहे: लांब-आखूड-लांब-लांब, पुन्हा लांब-आखूड-लांब-लांब, मग लांब-लांब-आखूड-आखूड. पाच मात्रांच्या आवर्तनात बसणारा हा ठेका सहज हाताने धरता येत नाही. आणि गाण्याला शब्दच नाहीत. तरीही रिओची गर्दी ते गाते. गिटार आणि बास मिळून मुख्य धून सुरू करतात तेव्हा हजारो लोक उड्या मारत ती धून 'ओऽ ओऽ' करत वर उचलतात. निव्वळ वाद्यांच्या तुकड्याला असा गळा मिळालेला मी दुसऱ्या कुठल्याच कॉन्सर्ट व्हिडिओत पाहिलेला नाही. आता मन गर्दीवरून काढून फक्त ड्रम्सवर न्या. पर्टची थाप पडते आणि गर्दीचा सूर तिच्या किंचित मागून, कडा विरघळल्यासारखा येतो. तो गढूळपणा म्हणजे अंतर आहे. मैदान किती मोठं होतं हे त्या उशिरावरून कळतं. तक्रार करणाऱ्यांना जो दोष वाटतो तो काढून टाकला तर 'वायवायझेड' शिल्लक राहील, पण रिओ उरणार नाही, असं माझं ठाम मत झालंय.

'टॉम सॉयर'ने कार्यक्रम सुरू होतो आणि पहिल्या सुरालाच जो गजर होतो त्यालाही कारण आहे. ब्राझीलच्या टीव्हीवर 'मॅकगायव्हर' मालिका 'प्रोफिसाओ पेरिगो' नावाने दाखवायचे आणि तिच्या सुरुवातीला हेच गाणं वाजायचं. बँडचं नावही माहीत नसलेल्या पोरांच्या कानात ते घरबसल्या मुरलं होतं. 'क्लोजर टू द हार्ट'मध्ये तर सुरुवातीपासूनच शब्दन्‌शब्द गर्दीच्या तोंडी आहे, आणि तो परक्या भाषेतला.

सगळ्यांना सारखंच आवडतं असं काही असेल तर ती 'व्हेपर ट्रेल्स'ची गाणी. त्या अल्बमचं मूळ ध्वनिमुद्रण इतकं चढ्या आवाजात दाबून बसवलं होतं की वाद्यं एकमेकांत चिरडली गेली. बँडलाही ते खुपत होतं आणि 2013 मध्ये अख्खा अल्बम नव्याने मिक्स होऊन आला. मधल्या काळात 'अर्थशाइन' आणि 'सीक्रेट टच' कसं वाजतं हे ज्यांना ऐकायचं होतं त्यांना रिओचा मोठा आधार होता. ज्या डीव्हीडीला गढूळ म्हणतात, तीच या गाण्यांच्या बाबतीत मूळ अल्बमपेक्षा मोकळी वाटते! 'सीक्रेट टच'च्या मधल्या भागात गेडी बासवर जे काही करतो ते तर हेडफोन लावूनच ऐकावं.

गेडीच्या मागे भल्या थोरल्या अँप्लिफायरच्या जागी कपडे वाळवण्याची यंत्रं ठेवली आहेत आणि काचेआड टी-शर्ट गरगरताना दिसतात. पहिल्यांदा पाहणारे नेहमी विचारतात, म्हणून लिहून ठेवतो: त्याच्या बासचा आवाज थेट साउंड यंत्रणेत जातो, रंगमंचावर अँप्लिफायर लागतच नाही. रिकामी जागा भरायची म्हणून ही यंत्रं.

आता एडिटिंग. इथे मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे, पूर्णपणे. आवाजाला परिस्थितीचं कारण तरी होतं. एडिटिंग नंतर, निवांत बसून झालेलं आहे. कट इतके भराभर पडतात की एका वाजवणाऱ्यावर नजर ठरेपर्यंत चित्र बदललेलं असतं. गिटारची एखादी अवघड जागा येते आणि नेमकं तेव्हाच आपल्याला गर्दीतला झेंडा दिसतो. ढोबळ रॉकमध्ये हे खपून जातं. रशच्या प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकमध्ये, नाही, कारण इथे बोटं पाहणं हा ऐकण्याचाच भाग आहे. तीन माणसं मिळून एवढा आवाज कसा काढतात हे कोडं आहे आणि उत्तर हातापायांत आहे: गेडी गाताना पायाने पेडल दाबून सिंथेसायझरचे सूर सोडतो, त्याच वेळी हाताने बास चालू असतो. 'नॅचरल सायन्स'मध्ये लय पुन्हा पुन्हा बदलते. ती कोण बदलतो, कोणाच्या इशाऱ्यावर बाकीचे दोघे वळतात, हे पाहायला मिळालं असतं तर किती शिकता आलं असतं. ती वळणं कापाकापीत निसटतात.

याला उतारा दुसऱ्या डिस्कवर आहे आणि तो बऱ्याच जणांनी उघडूनही पाहिलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'वायवायझेड', 'ओ बातेरिस्ता' आणि 'ला व्हिया स्ट्रँजियाटो' या तीन तुकड्यांना तिथे मल्टि-अँगलची सोय आहे. कोणाकडे पाहायचं ते आपण ठरवायचं. 'ला व्हिया'मध्ये मी कॅमेरा लाइफसनवर ठेवला आणि सोलो सलग पाहिला. तो सोलो हळू, जवळपास कुजबुजीतून सुरू होतो. सुरुवातीला सूर कमी आणि मधल्या रिकाम्या जागा जास्त. प्रत्येक सुराला तो किती वेळ लोंबकळत ठेवतो, बोट तारेवर कसं दाबून हलवतो, आवाज चढवताना उजवा हात कधी जड होतो, हे सगळं अखंड पाहिल्यावर मूळ एडिटिंगने आपल्यापासून काय काढून घेतलं होतं ते ध्यानात आलं. गाण्याच्या मध्येच तो माइक घेऊन जे काही असंबद्ध बडबडतो, त्यावर काही जण नाराज असतात. मला ते हवंहवंसं वाटतं. शिस्तीत बांधलेल्या तुकड्यात तेवढीच एक मोकळी खिडकी आहे.

'ओ बातेरिस्ता', म्हणजे पर्टचा सोलो, याबद्दल मात्र दोन तट नाहीत. ड्रम्सचा सगळा संसार फिरत्या चौथऱ्यावर आहे. पुढे नेहमीचा संच, मागे इलेक्ट्रॉनिक. तो सोलोच्या मध्ये फिरतो आणि पर्ट दुसऱ्या जगात जातो. शेवट जॅझ संगीतकार काउंट बेसीच्या 'वन ओ'क्लॉक जंप'वर, बिग बँडच्या थाटात. त्याने मोठेपणी पुन्हा गुरू करून हाताची ठेवण बदलली होती आणि त्या शिक्षणाचं फळ इथे मनगटात दिसतं. काठी आपटत नाही, उसळते. मल्टि-अँगलमध्ये पायांवर लक्ष ठेवा. हात इकडे तिकडे उधळलेले असताना पाय एकच ठेका निमूट चालवत असतात. पर्ट 7 जानेवारी 2020 ला गेला. तेव्हापासून हा तुकडा पाहताना मी मध्येच थांबवत नाही.

त्यानंतर लगेच 'रेझिस्ट' येतं, फक्त गेडी आणि लाइफसन, दोन अकूस्टिक गिटारी, पर्टला विश्रांती. गर्दीचा आवाज ज्यांना नको असतो त्यांनाही इथली गर्दी आवडते असं दिसतं. ती इथे बँडला झाकत नाही, खाली राहून साथ करते.

माहितीपट 'द बॉईज इन ब्राझील' एकदा पाहावा. पडद्यामागची धावपळ कळते.

पुढच्या व्हिडिओंशी तुलना करणाऱ्यांसाठी थोडक्यात: फ्रँकफर्टचा 'आर 30' चित्रात जास्त शांत, रॉटरडॅमचा 'स्नेक्स अँड ॲरोज लाइव्ह' ध्वनीत सर्वांत उजवा, आणि क्लीव्हलँडच्या 'टाइम मशीन'मध्ये 'मूव्हिंग पिक्चर्स' अल्बम अख्खा आहे म्हणून त्याचं स्थान वेगळं. तरी नवीन माणसाने विचारलं तर मी रिओच पुढे करतो. बारकावे त्याला नंतर मिळतील. तीन माणसांनी चाळीस हजार लोकांना पाच मात्रांच्या ठेक्यावर नाचवलं, हे त्याने आधी पाहिलेलं बरं.

सध्या माझी मांडणी अशी ठरली आहे: ट्रॅक 5.1, मागचे स्पीकर दोन-तीन डेसिबल खाली, सबवूफर आणखी थोडा खाली म्हणजे बासची घूं कमी होते. हेडफोनवर ऐकायचं तर डीव्हीडीऐवजी तीन सीडींचा संच घ्या. तिथे तिसऱ्या डिस्कवर फिनिक्सचं 'बिट्वीन सन अँड मून' आणि क्वेबेकचं 'व्हायटल साइन्स' ही दोन गाणीही जास्तीची आहेत. पुढची नोंद 'आर 30'ची. त्यात आधी 'ओव्हरचर'चं वादन आणि कॅमेऱ्याचे कट तपासणार आहे. कोणी रिओचं 'नॅचरल सायन्स' वळणं मोजत पाहिलं असेल, तर ती कुठे दिसतात आणि कुठे कटमध्ये जातात ते मला जरूर कळवा.